समासातली कारणे

कोशाच्या कामात समासाची किंमत मजकुराइतकीच असे. छापखान्यातून गॅली प्रूफ येई ते लांबच लांब, खरबरीत कागदावर, बोटाला शाई लागेल इतके ताजे. मधोमध मजकुराचा एक रकाना आणि दोन्ही अंगांना कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत मुद्रितशोधक लाल शाईने खुणा करी, लेखक निळ्या शाईने उत्तरे देई, विषयाचा समीक्षक बहुधा पेन्सिलीने लिही आणि शेवटचा शब्द संपादकाच्या हिरव्या शाईचा असे. एकच नोंद चार गावांतल्या चार माणसांनी मिळून घडवलेली असे, आणि ही चार माणसे एकमेकांना भेटत ती समासातच. कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते, पण अक्षर लांबून ओळखत.

माझी उमेदीची वर्षे पुण्यात कोशांची आणि संदर्भग्रंथांची मुद्रिते तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तेच काम मी पडद्यावर करतो. कधी मराठी विकिपीडियावर, कधी विकिस्रोतावर, आणि अलीकडे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मंडळींबरोबर एका सामायिक ऑनलाइन दस्तऐवजात. अनेकांनी मिळून एकच मजकूर लिहायचा, हा उद्योग मी असा दोन्ही काळांत पाहिला. आणि आम्ही काही पहिले नव्हतो. आमच्या आधी या वाटेने फार मोठी माणसे जाऊन आली होती.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचे नाव छापखान्यातही आदराने घेतले जाई. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेला हा माणूस मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून उभा राहिला, तेव्हा पाठीशी सरकार नव्हते की विद्यापीठ नव्हते. नागपुरात ज्ञानकोश मंडळ या नावाची कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले, पुढे काम पुण्यात आणले आणि १९२९ पर्यंत तेवीस खंड पुरे केले. पहिले पाच खंड तर नुसत्या प्रस्तावनेचे. एवढे काम एकट्याने होत नाही. केतकरांनी माणसे जमवली, त्यांना शिकवले आणि कामाला लावले. १९२७ साली त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने मंडळाचा इतिहासही लिहून ठेवला. कोश करणाऱ्याने कोश कसा केला हेही लिहून ठेवावे, ही दृष्टी मला त्या तेवीस खंडांइतकीच मोलाची वाटते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात बाहेर काढले. चांगली जमलेली मंडळी एका पुस्तकावर थांबत नाहीत, याचा याहून ठळक दाखला माझ्यापुढे नाही.

त्यानंतर वाई. संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० च्या नोव्हेंबरात, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. कृष्णाकाठच्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालये सोडून एवढा उद्योग वाईत का, असे अनेकांनी विचारले असेल. पण प्राज्ञपाठशाळेच्या त्या गावाला असल्या लांब पल्ल्याच्या कामाची सवय होती. तर्कतीर्थांचे गुरू नारायणशास्त्री मराठे, म्हणजे केवलानंद सरस्वती, यांनी तिथेच मीमांसाकोशासारखे काम उभे केले होते. दहा वर्षांनी हातात पडणाऱ्या पुस्तकासाठी रोज सकाळी कामाला बसायचे, हे त्या गावाला कुणी नव्याने शिकवायला नको होते.

विश्वकोशाची कामाची रीत आम्हा पुण्याच्या मुद्रितशोधकांमध्ये कौतुकाचा विषय होती. आधी नोंदींच्या याद्या. मग प्रत्येक नोंदीचे टाचण: नोंद किती लांब हवी, कोणते मुद्दे यायला हवेत, आकृती लागेल का. ते टाचण तज्ज्ञाकडे टपालाने जाई. लेख आला की दुसरा तज्ज्ञ तो तपासे, लेख इंग्रजीत आला असेल तर भाषांतर होई, मग वाईतले संपादक त्याची भाषा आणि बेतबात जुळवत. रा. ग. जाधवांसारखा समीक्षक तिथे १९७० ते १९८९ अशी आपल्या आयुष्यातली ऐन बहराची वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी सुधारण्यात घालवत होता. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव आडनाव आधी घालून छापत, त्याखाली संदर्भ, आणि 'पहा' म्हणून इतर नोंदींची नावे.

त्या 'पहा'पाशी मी पुष्कळदा थबकलो आहे. पहिला खंड 'अंक' ते 'आतुरचिकित्सा' असा, १९७६ साली निघाला. त्यात एखाद्या नोंदीखाली पुढच्या अक्षरातल्या नोंदीचे नाव दिले, तर ती नोंद कदाचित अजून कुणी लिहिलेलीही नसे. ती येईल, ती लिहिणारा माणूस कुठेतरी भेटेल, आणि त्या खंडाला पैसे मिळतील, एवढा भरवसा त्या दोन अक्षरांत होता. विकिपीडियावर लाल रंगात दिसणारे दुवे पाहिले की मला त्याची आठवण होते. ज्याचे पान अजून नाही त्याचे नाव लाल दिसते. कुणी पान लिहिले की ते निळे होते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा वाटले, हा भरवसा ठेवणारी माणसे अजून आहेत.

आणखी एक गोष्ट वाईकरांनी केली तिची आठवण मी आमच्या आजच्या मंडळींना वारंवार देतो. पहिल्या खंडाच्या तीन वर्षे आधी, १९७३ मध्ये, त्यांनी परिभाषासंग्रहाचा खंड काढला. म्हणजे शेकडो लेखकांनी लिहायला बसावे, त्याआधी कोणत्या संज्ञेला कोणता मराठी शब्द वापरायचा हे ठरवून छापूनच टाकले. पदार्थविज्ञानाचा लेखक आणि वैद्यकाचा लेखक एकाच गोष्टीला दोन नावे देऊ लागले तर वाचकाचे हाल होतात, आणि हे हाल छापून झाल्यावर दुरुस्त होत नाहीत.

दुरुस्ती किती महाग होती, हे आज सांगूनही पटत नाही. खिळ्यांच्या जुळणीत एक शब्द वाढवायचा म्हणजे जुळाऱ्याने ओळ उचलायची, खिळे काढायचे, नवे घालायचे, ओळ पुन्हा आवळायची. शब्द ओळीत मावला नाही तर तो पुढच्या ओळीत जाई, ती ओळ पुढच्या परिच्छेदात, आणि पानांची बांधणी झालेली असेल तर शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर. म्हणून आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक नाना एक नियम सांगत: शब्द घालायचा असेल तर तेवढ्याच अक्षरांचा एक शब्द काढून दाखव. आणि दुरुस्ती का हवी ते समासात लिही, म्हणजे जुळारी मामांना खाली उतरून विचारावे लागणार नाही. कारण न देता केलेली दुरुस्ती मामा सरळ परत पाठवत. त्यांना तो हक्क होता, कारण मेहनत त्यांची होती.

या सक्तीमुळे समासात काय काय लिहिले जाई, याचा एक नमुना माझ्या डोक्यात कायमचा बसला आहे. एका जिल्हाविषयक संदर्भग्रंथाची मुद्रिते चालू होती. कोयनेच्या भूकंपाची तारीख लेखकाने ११ डिसेंबर १९६७ दिली होती. माझ्यापुढे एक इंग्रजी संदर्भग्रंथ होता, त्यात १० डिसेंबर. मी लाल शाईत प्रश्नचिन्ह केले आणि गॅली कराडला समीक्षकांकडे गेली. हे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना पत्रातूनही 'सर'च म्हणत असू. गॅली परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते: दोन्ही तारखा बरोबर आहेत. भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय याद्या ग्रीनिच वेळ देतात. त्या वेळेप्रमाणे १० तारखेची रात्र, १० वाजून ५१ मिनिटे. आपले घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून इथे ११ तारखेची पहाट, ४ वाजून २१ मिनिटे. ज्यांची घरे पडली ती माणसे ११ तारखेला पहाटे जागी झाली, तेव्हा जिल्ह्याच्या ग्रंथात ११ च असावी आणि कंसात पहाटेची वेळ द्यावी, म्हणजे पुढे कुणी बदलणार नाही.

मी ते किती वेळा वाचले असेल. भूगोल, घड्याळ, आणि कोयनानगरची माणसे, सगळे त्या अडीच इंचांच्या पट्टीत आले होते. नानांनी वाचून माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "हे बघ, याला उत्तर म्हणतात."

छापून झालेल्या ग्रंथात मात्र यातले काय उरले? '११ डिसेंबर १९६७ (पहाटे ४:२१)' एवढेच. अंतिम मुद्रिते मंजूर झाली की गॅल्यांचे गठ्ठे महिना-दोन महिने माळ्यावर राहत आणि मग रद्दीवाल्याच्या तराजूत जात. सरांचे ते टिपणही गेले. लेखकाचे नाव ग्रंथात होते, संपादकाचे होते. समीक्षकांचे एका यादीत, आभारांखाली. नानांचे नाव कुठेही नव्हते आणि ज्यांनी प्रत्येक अक्षर बोटांनी उचलले त्या जुळारी मामांचे तर नव्हतेच. मला याचे वाईट तेव्हाही वाटे, आजही वाटते.

मधली वर्षे विस्कळीत गेली. छापखान्यात संगणक आले, जुळारी मामांनी काम सोडले आणि मराठी अक्षरांच्या गोंधळाला सुरुवात झाली. प्रत्येक छापखान्याचा फाँट वेगळा. इथे टाइप केलेला मजकूर फ्लॉपीवरून शेजारच्या पेठेत नेला तर तिथल्या पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसे. इंग्रजीत लिहिणारी माणसे तोवर ई-मेलने मसुदे इकडून तिकडे पाठवू लागली होती. आम्ही मात्र फाँटसकट फाइल पाठवत होतो, आणि तीही उघडेल याची खात्री नाही. चौघांनी मिळून लिहायचे तर चौघांकडे एकच फाँट हवा, एवढ्या एका अडचणीपायी मराठीतले कितीतरी सामूहिक काम खोळंबले. युनिकोड आले आणि सगळ्या यंत्रांना 'क' म्हणजे 'क' हे एकाच रीतीने कळू लागले. मराठीपुरते म्हणायचे तर एकत्र लिहिण्याचा नवा काळ तिथून सुरू झाला, असे माझे ठाम मत आहे. बाकीची साधने त्याच्या पाठीवर बसून आली.

ती साधने तोवर जगात तयार होती. १९९५ च्या मार्चमध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने पहिली विकी चालू केली. वाचणाऱ्यालाच त्याच पानावर दुरुस्ती करता यावी, एवढीच तिची कल्पना. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ च्या १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया. त्यातली नावे मला पहिल्या दिवसापासून आपली वाटली. सर्वांनी बोलायची जागा ती चावडी, नवशिक्याने हात बसवायचा ती धूळपाटी, ठरावीक कामे बिनचूक करणारा प्रोग्राम तो सांगकाम्या. ज्यांनी ही नावे दिली त्यांना आपण घर बांधतो आहोत हे कळत होते.

आणि तिथे प्रत्येक पानाला इतिहास आहे. कोणी, कधी, काय बदलले, ते ओळीने दिसते. स्वल्पविराम घातला तरी नाव लागते. मी हे पहिल्यांदा उघडून पाहिले तेव्हा मला नाना आणि मामा आठवले. इथे असते तर त्यांच्या हातची प्रत्येक खूण त्यांच्या नावाने राहिली असती. या एका गोष्टीसाठी मी या काळाचा ऋणी आहे, आणि जुन्या मित्रांपैकी कुणी 'आता पूर्वीसारखे राहिले नाही' म्हणू लागले की मी त्यांना आधी हा इतिहासाचा दुवा उघडून दाखवतो.

दुसरे ऋण वेगाचे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. मध्ये एकोणचाळीस वर्षे. पहिल्या खंडात आंध्र प्रदेश आहे. अखेरचा खंड निघण्याच्या आदल्या वर्षी, २ जून २०१४ ला, त्यातून तेलंगण वेगळे झाले. छापलेला कोश पुरा होईतो त्याच्या आरंभाचा नकाशाच बदललेला होता. त्यात कुणाचा दोष नव्हता, कागदाचा तो स्वभावच आहे. आता विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आहेत, नव्या नोंदी विषयवार ज्ञानमंडळांकडून तिथे येत राहतात, आणि केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ऑनलाइन आणला आहे. ज्या तेवीस खंडांसाठी मी ग्रंथालयाच्या दाराशी ताटकळलो, ते आज वाईची शाळकरी मुलगी फोनवर उघडते. याहून आनंदाची गोष्ट कोणती?

विकिस्रोतावर तर माझा जुना धंदाच नव्या रूपात भेटला. जुन्या पुस्तकाचे पान एका बाजूला चित्ररूपात, शेजारी यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्र जोडाक्षरांत अडखळते, रफार चुकवते, ते माणसाने दुरुस्त करायचे. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. पहिल्याने तपासलेले पान त्यालाच हिरवे करता येत नाही. दुसरा माणूस लागतोच. नानांचा नियम अगदी हाच होता. स्वतःचे मुद्रित स्वतःच शेवटचे पाहायचे नाही, डोळा जे लिहायला हवे होते तेच वाचतो. हा नियम यंत्रात बसवणाऱ्या माणसाने कधीतरी मुद्रिते तपासली असणार, असे मला वाटत आले आहे.

आमच्या सातारच्या दस्तऐवजाकडे वळतो. जिल्ह्याची कालनोंद करायची, सनावळी आणि प्रत्येक घटनेखाली आधार, असे ठरले आणि गूगल डॉक्सवर एक पान उघडले. मंडळी कुठली कुठली. वाईचे एक शिक्षक, कराडला भूशास्त्र शिकणारी एक मुलगी, मेलबर्नला स्थायिक झालेले आमच्या कोरेगावचे एक अभियंते, आणि एसटीत कंडक्टर म्हणून जिल्ह्याचा एकूण एक रस्ता पालथा घातलेले एक काका. काका टाइप करत नाहीत, फोनशी बोलतात. ते घाटरस्त्याबद्दल बोलत असतात, त्यांचे शब्द पडद्यावर उमटत असतात, आणि त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत मेलबर्नहून कुणीतरी त्यातली वेलांटी दुरुस्त करत असते. नाव लिहिलेला तो रंगीत कर्सर ओळीवरून सरकताना पाहणे हे माझ्या या वयातले एक मोठे सुख आहे. कराडच्या सरांची पेन्सिल चालताना मी कधी पाहिली नव्हती. इथे माणूस विचार करताना थांबतो, तेही दिसते.

पण याच पानात एके दिवशी मला जुनी ओळखीची तारीख अडखळताना दिसली. कोयनेच्या भूकंपापुढे १० डिसेंबर होते. मी ११ लिहिल्याचे पक्के आठवत होते. आवृत्त्यांचा इतिहास उघडला. ११ चे १० कुणी केले, कोणत्या दिवशी, किती वाजता, सगळे होते. त्याआधी १० चे ११ झालेले होते, त्याही आधी ११ चे १०. तारीख पुढेमागे हलत राहिली होती, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या हातून, आणि एकाही ठिकाणी का ते लिहिलेले नव्हते.

मी एकेकाला फोन केला. कराडच्या मुलीने भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय यादीत १० पाहिले होते. वाईच्या शिक्षकांना त्यांच्या आजीने सांगितलेली पहाट ठाऊक होती, तारीख शाळेच्या दाखल्याइतकी पक्की. काकांनी तर ती रात्र पाटण तालुक्यातच काढली होती. प्रत्येकाकडे भक्कम कारण होते आणि ते प्रत्येकाने मनात ठेवले होते. काहींनी म्हणे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहिले होते. ते सुप्रभात आणि वाढदिवसांच्या खाली कुठल्या कुठे गेले. एकाने पानावरच टिप्पणी केली होती, पण दुसऱ्याने ती 'झाले' म्हणून मिटवली, आणि मिटवलेली टिप्पणी साठ्यात असली तरी उघडायला कुणी जात नाही.

तेव्हापासून हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. गॅलीवर माणसे कारण लिहीत, आणि तो कागद रद्दीत जाई. आता प्रत्येक दुरुस्ती जपली जाते, आणि कारण लिहायचे राहून जाते. आजची माणसे आळशी आहेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. रात्री जेवणे आटोपून विनामोबदला सनावळ्या तपासत बसणाऱ्यांना आळशी म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही. दुरुस्ती स्वस्त झाली, एवढाच फरक आहे. आकडा पुसायला एक बोट पुरते, समोर खिळे घेऊन उभे राहिलेले मामा नाहीत, मग कारण द्यायचे कुणाला? विकिपीडियावर बदल जतन करताना सारांश लिहायला एक छोटा चौकोन असतो. कितीतरी पानांचे इतिहास मी वाचले, त्यांत ओळींमागून ओळी हा चौकोन रिकामा. चर्चा पानावर कुणी सविस्तर लिहिलेले सापडले की मला सणासारखे वाटते, आणि ते लिहिणाऱ्याला मी आवर्जून दोन ओळी पाठवतो.

चर्चा पान हीच या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत थोर वस्तू आहे, असे मला वाटते. लेखाच्या पाठीमागे, लेखाइतकेच लांब होऊ शकणारे, कधीही रद्दीत न जाणारे पान. कराडच्या सरांना अडीच इंचांत भूगोल बसवावा लागला. त्यांना हे पान मिळते तर त्यांनी काय काय लिहून ठेवले असते! आपल्याला ते मिळाले आहे, आणि मराठीत बहुतेक लेखांमागचे हे पान कोरे आहे.

भूकंपाच्या तारखेखाली मी सरांचे टिपण आठवेल तसे लिहून काढले. ग्रीनिचची रात्र, आपली पहाट, जागी झालेली माणसे. सरांचे नाव देऊन, कारण ते माझे नव्हतेच. कराडच्या मुलीने त्याखाली आंतरराष्ट्रीय यादीचा आधार जोडला, काकांनी फोनशी बोलून त्या पहाटेबद्दल चार ओळी घातल्या. तारीख त्यानंतर हललेली नाही. सरांनी कंस सुचवला होता तो याचसाठी. पण छापील कंसाने तारीख सांगितली, वाद सांगितला नाही, आणि पुढच्या माणसाला तो वाद नव्याने घालावा लागला.

मग आम्ही वाईचा जुना धडा गिरवला. परिभाषासंग्रह काही आम्हाला करायचा नव्हता, पण दस्तऐवजाच्या आरंभी एक पान नियमांचे घातले. गावांची नावे आजची द्यायची, जुने नाव पुढे. सनावळीच्या तक्त्यात घटना, तारीख आणि आधार या रकान्यांशेजारी 'कारण' असा चौथा रकाना. तारीख बदलणाऱ्याने तो भरायचा. रिकामा राहिला तर बदल मागे फिरवायचा, तो कुणी का केलेला असेना. मेलबर्नच्या अभियंत्यांना आधी हे जाचक वाटले. त्यांच्या कार्यालयात म्हणे प्रोग्रामच्या प्रत्येक बदलासोबत संदेश लिहावाच लागतो. मग त्यांनीच हसून कबूल केले, की तिथे आम्ही रोज करतो ते इथे का नको. त्यांच्याकडे तो संदेश लिहिल्याखेरीज बदल पुढेच जात नाही. मामांचा हक्क आजही कुठेतरी शाबूत आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले.

रकाना भरू लागल्यापासून पानाचा नूरच पालटला आहे. गेल्या महिन्यात प्रतापगडची नोंद आली. अफजलखानाच्या वधाची तारीख १० नोव्हेंबर १६५९ अशी सगळ्या पुस्तकांत असते, तशीच आम्हीही घातली होती. कराडच्या मुलीने ती बदलून २० नोव्हेंबर केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: १० ही जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहे, त्या शतकात ते आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे होते, आपण बाकीच्या तारखा आजच्या पंचांगाने देतो, मग हीच वेगळी का? वाईच्या शिक्षकांनी त्याखाली उत्तर दिले: तसे केले तर शिवजयंतीच्या १९ फेब्रुवारीलाही हात लावावा लागेल, ती तारीखही जुन्याच पंचांगाची आहे, आणि वाचक इतर पुस्तकांशी ताडून पाहणार, त्याला आमचीच चूक वाटेल. काकांचे म्हणणे तिसरेच. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१ ही तिथी कुणालाच वादाची नाही, गडावर माणसे आजही तिथीलाच जमतात, तेव्हा तिथी आधी लिहावी आणि इंग्रजी तारखा दोन्ही मागाहून द्याव्यात. मेलबर्नहून प्रश्न आला, की मग तक्ता क्रमाने लावायचा कोणत्या तारखेने, यंत्राला तिथी कळत नाही. त्यावर मुलीने सुचवले आहे की क्रमासाठी एक वेगळा, न छापायचा रकाना ठेवू.

मी माझे मत अजून घातलेले नाही. तिथी आधी घ्यावी, या बाजूला माझा कल आहे, पण सतराव्या शतकातल्या बाकीच्या नोंदींची तिथी मिळते का ते आधी पाहायला हवे. काही पत्रांवर ती आहे, काहींवर नुसता महिना. ती यादी करायला घेतली आहे. पुढच्या रविवारच्या बैठकीआधी ती कारणाच्या रकान्यात जाईल.